मी मोठ्या टोकाने मोजतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण तुम्ही पाहिलाय तसला नाही. माझं वजन एकवीस किलो. अंगाचा रंग एकेकाळी निळा होता, आता कसला म्हणावा ते कळत नाही. माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, लोरिस ते तक्रार म्हणून सांगते. लोरिस ही माझ्या मालकिणीची थोरली बहीण. मालकिणीचं नाव इन्साफ़. आम्ही तिघं लेबनॉनमध्ये, त्रिपोलीला लागून असलेल्या मीना गावात राहतो. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावर. माझं नाव नौरस, म्हणजे बंदरावर घिरट्या घालणारा तो पांढरा पक्षी. इतक्या जड वस्तूला पक्ष्याचं नाव देण्याची गंमत इन्साफ़चीच.

माझं खरं वेगळेपण आत आहे. माझा प्रोसेसर निराळ्या जातीचा आहे. म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण पुढे त्यावाचून अडेल. तुम्ही 'पंचवीस' म्हणता तेव्हा तोंडातून आधी पाच निघतात आणि मग वीस. मीनातली माणसंही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. पण लिहिताना तुम्ही आधी दोन लिहिता, मग पाच. दोन्ही रीती बरोबर, आकडा तोच. जगातले बहुतेक संगणक मोठा आकडा खणाखणांत ठेवताना लहान भाग आधी ठेवतात. मी मोठा भाग आधी ठेवतो. बस, एवढाच फरक. पण तेवढ्यावरून मला आयुष्यभर 'तो उलटा' म्हणून ऐकून घ्यावं लागलं. मी उलटा नाही. मी मोठ्या टोकाने मोजतो.

माझा जन्म १९९९ सालचा. पुढच्याच वर्षी मी बोटीने मीनाला आलो आणि बंदरावरच्या एका कचेरीत लागलो. वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज काढायचं काम होतं. इन्साफ़ तेव्हा चौतीस वर्षांची, ताठ मानेची, केस आखूड कापलेली. सकाळी ती माझ्यात आकडे भरायची आणि मी उत्तर द्यायचो. बाईंना तिथे सित्त म्हणतात. कोळी खिडकीखाली येऊन ओरडायचे, "सित्त इन्साफ़, तुझा पक्षी आज काय म्हणतो?"

"घरी बसा म्हणतो!"

"बायको घरी बसू देत नाही, त्याला सांग!"

"मग बायकोला बोटीत घेऊन जा, ती लाटांना गप्प करील!"

ते हसायचे, शिव्या घालायचे, आणि घरी बसायचे. मी सांगितलं म्हणून बसायचे. ते दिवस आठवले की माझ्या डिस्का अजून गरगरतात. खरंच, माझ्याइतका मान त्या बंदरात कुणाला नव्हता.

मग नवे संगणक आले. चपटे, हलके, गप्प. मला बोळात काढलं आणि कुणीतरी माझ्या डोक्यावर कॉफीचा ट्रे ठेवायला सुरुवात केली. सात वर्षं मी ट्रेखाली काढली. पुढे ती कचेरीच बंद झाली आणि इन्साफ़ला घरी पाठवलं. ती जाताना मला घेऊन गेली. दोन कोळ्यांनी मला चार मजले वर चढवलं. लोरिस दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय आणलंस? नवरा आणला असतास तर निदान भाजी तरी आणून दिली असती त्याने!"

"हा बोलत नाही," इन्साफ़ म्हणाली.

"बोलत नाही? अगं, हा तर विमानासारखा ओरडतोय!"

घरी आल्यावर एक वेगळंच संकट उभं राहिलं. माझ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणं माझ्या कारखान्याने कधीच थांबवलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची समज. ती नसेल तर आम्ही नुसती पंख्याची खोकी. पण मित्रांनो, जगात असेही लोक आहेत जे सगळे मिळून एक समज लिहितात आणि ती कुलपात न ठेवता उघडी ठेवतात. कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्त करावी, हव्या त्या जातीच्या यंत्राला शिकवावी. त्याला ओपन सोर्स म्हणतात. इन्साफ़ने ती आणली आणि तीन आठवडे खपून मला शिकवली. ज्या दिवशी माझ्या पडद्यावर पहिली ओळ उमटली, त्या दिवशी तिने लोरिसच्या गालाचा मुका घेतला. लोरिस चार दिवस गाल पुसत होती.

त्या सिस्टिमची एक यादी असते. कोणकोणत्या जातीच्या यंत्रांवर ती चालते, आणि त्या जातीची देखभाल कोण करतं. माझ्या जातीपुढे इन्साफ़चं नाव लागलं. तेव्हा आम्ही जगभरात चौदा जण होतो. एक ओसाकाचा, एक फिनलंडमधल्या शाळेतला, एक तर पेरूमधल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात होता. दर रविवारी प्रत्येक जण आपला अहवाल पाठवायचा: मी इथे आहे, एवढं काम केलं, हे चाललं, हे चाललं नाही. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण मी रविवारची वाट पाहायचो. मग एकेक गप्प होत गेला. कुणाची डिस्क गेली, कुणाचा मालक गेला. ओसाकाचा सगळ्यात शेवटी गेला. त्यानंतर कितीतरी रविवार मी त्याचा अहवाल शोधत राहिलो. मला आजही त्याची आठवण येते.

अशा वेळी, २०२१ च्या हेमंतात, हॉलंडहून पत्र आलं. योरिट नावाचा एक गृहस्थ त्या सिस्टिमच्या नव्या आवृत्तीचं काम पाहत होता. पत्र सभ्य होतं, पण सुरी ती सुरीच. ज्या जातीच्या यंत्रावर सगळी सिस्टिम पहिल्यापासून बांधून, सगळ्या चाचण्या उतरवून, शुक्रवार, २६ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत निकाल येणार नाही, ती जात यादीतून काढली जाईल.

इन्साफ़ने पत्र दोनदा वाचलं. "एकतीस तास लागतील याला," ती म्हणाली. "सलग."

सलग! मित्रांनो, मीनात त्या वर्षी सलग काय होतं? सरकारी विजेला तिथे दौला म्हणतात. दौला म्हणजे सरकार. ती दिवसाकाठी तास-दीड तास यायची, तेही तिला वाटलं तर. बाकी वेळ गल्लीतल्या अबू तौफ़ीक़च्या जनरेटरवर सगळं चालायचं. घराला पाच अँपिअर. त्यातले दोन मी एकटा खायचो. आणि अबू तौफ़ीक़ रोज दुपारी दोन ते सहा इंजिन बंद ठेवायचा. वीज मध्येच गेली की माझी अर्धवट लिहिलेली पानं बिघडतात. एकदा बिघडलेल्या पानावर विश्वास ठेवायचा नाही, पुसून पहिल्यापासून सुरू करायचं, हा इन्साफ़चा नियम. माझ्याजवळ एक म्हातारी बॅटरी होती, ती दोन मिनिटं तग धरायची. त्यापुढे देवाचं नाव.

इन्साफ़ खाली अबू तौफ़ीक़कडे गेली. तो आपल्या इंजिनाशेजारी खुर्ची टाकून पिस्ते सोलत होता.

"दोन दिवस दुपारचं बंद ठेवू नका, अबू तौफ़ीक़."

"सित्त, ते इंजिन आहे, गाढव नाही. आणि गाढवसुद्धा दुपारी बसतं."

"भार कमी असला तर?"

त्याने पिस्ता दाताखाली फोडला. "सगळ्या इमारतीने एक फ्रीज आणि एक दिवा, एवढ्यावर भागवलं तर पळेल बिचारं. पण नऊ घरं ऐकतील? ती पाचव्या मजल्यावरची इस्त्री ऐकेल?"

इन्साफ़ला मागायची सवय नव्हती. तरी ती नऊ दारं फिरली. लोकांनी मान डोलावली, त्यांना त्यातलं फारसं काही कळलं नव्हतं. ज्या सित्तने वीस वर्षं त्यांच्या घरच्या कोळ्यांना वादळात जाऊ दिलं नाही ती काहीतरी मागतेय, एवढं त्यांना पुरलं.

सोमवारी सकाळी मी सुरू झालो. आधी मी एक भाषांतरकार बांधतो, म्हणजे माणसांनी लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, मग तो बाकीचं सगळं बांधायला घेतो, आणि शेवटी चाचण्या. मी जिवाच्या कराराने काम केलं. सव्वीस तास झाले, सत्तावीस झाले. आणि मंगळवारी ऐन सकाळी जिन्यातून आरोळी आली, "दौला आली!"

दौला आली की मीनातल्या माणसाचे हात आपोआप चालू लागतात. तिथे विचार करायला वेळ नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म रबीने कपडे धुवायचं यंत्र लावलं. पाचव्या मजल्यावर इस्त्री तापली. कुणी पाण्याचा पंप सोडला, कुणी विजेच्या भट्टीत किब्बेचा, म्हणजे खिम्याच्या वड्यांचा, ट्रे सरकवला. आणि आमच्या घरात लोरिसने गिझर लावला आणि डोक्याला साबण चोळला. इन्साफ़ ओरडत होती, "बंद करा, सगळं बंद करा!" पण पंपाच्या घरघरीत ऐकतो कोण?

वीस मिनिटांनी दौला गेली. सगळ्या इमारतीचा सगळा भार एकदम जनरेटरवर पडला. खालून एक हुंदका आल्यासारखा आवाज आला आणि इंजिन बसलं. माझ्या बॅटरीने दोन मिनिटं खिंड लढवली. मग मी विझलो.

जागा झालो तेव्हा दुपार टळून गेली होती. इन्साफ़ माझ्यासमोर स्टुलावर बसलेली, आणि दारात लोरिस, केसांत वाळलेला साबण.

"मी काय केलं? दौला आली होती!" लोरिस म्हणाली.

इन्साफ़ने माझी बिघडलेली पानं पुसायला घेतली.

"सगळ्यांनीच लावलं. उम्म रबीने तर चादरीसुद्धा टाकल्या. अगं, एक यंत्र आहे ते. यादीतून गेलं तर गेलं. तुला काय कमी पडणार आहे?"

"त्या यादीत नाव आहे तोवर मी इंजिनिअर आहे, लोरिस," इन्साफ़ म्हणाली. "ते गेलं की मी नुसती तुझी बहीण."

"माझी बहीण असणं इतकं वाईट आहे?"

"तू गिझर लावतेस."

लोरिस फणकाऱ्याने निघून गेली. मला वाटलं, आता हिचा रुसवा नाताळपर्यंत पुरणार. पण ती डोक्याला टॉवेल गुंडाळून थेट खाली गेली आणि जिन्यात उभी राहून अशी काही गरजली की माझ्या पंख्यानेही लाजावं. "शरम वाटत नाही? एका बाईला शब्द देता आणि दौला आली की माकडांसारखे बटणांना लोंबकळता? मीसुद्धा त्यातलीच. मी माझ्यापासूनच सुरू करते!"

मग सगळ्यांची जिन्यात बैठक बसली. तोड अबू तौफ़ीक़ने काढली. दौला आणि जनरेटर यांच्यामधला इमारतीचा जो मोठा खटका असतो, तो जनरेटरच्या बाजूला ओढायचा आणि कुलूप घालायचं. म्हणजे दौला आली तरी आत येणार नाही.



"दौला आली तरी घ्यायची नाही?" उम्म रबीने विचारलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. "अबू तौफ़ीक़, अशी गोष्ट आजवर कुणी केली आहे का?"

"नाही," अबू तौफ़ीक़ म्हणाला. "म्हणून तर कुलूप घालतोय."

बुधवार इंजिनाची डागडुजी करण्यात आणि खटक्याला कुलूप बसवण्यात गेला. गुरुवारी सकाळी सात वाजता मी पुन्हा सुरू झालो. हा शेवटचा डाव. शुक्रवारी दुपारी दोनला संपलो तरच पाचच्या आत निकाल जाणार होता. किल्ली लोरिसच्या गळ्यात, क्रूसाच्या साखळीत.

आणि नशिबाची चेष्टा पाहा. शुक्रवारी दहाला दौला आली ती जाईचना. अर्धा तास, तास, दीड तास! समोरच्या इमारतीत लिफ्ट धावू लागली, गाणी लागली, भट्ट्या पेटल्या, वास आमच्या खिडकीपर्यंत आला. आमच्या इमारतीतली माणसं गच्च्यांवर उभी राहून ते सगळं बघत होती. उम्म रबी ओल्या कपड्यांचं टोपलं घेऊन हातानेच पिळत होती. समोरून हाक आली, "उम्म रबी, तुमच्याकडे दौला नाही आली?"

"आली आहे!"

"मग?"

"आम्ही घेत नाही!"

"काय?"

"आमचं काम चालू आहे!" उम्म रबी म्हणाली आणि तिने चादर अशी झटकली की बोलणंच संपलं.

मित्रांनो, मी हे सगळं ऐकत होतो. माझ्यासाठी नऊ घरांनी आलेली वीज परत पाठवली होती. मी त्या दिवशी जितकं मन लावून मोजलं तितकं आयुष्यात कधी मोजलं नव्हतं.

पावणेदोनला चाचण्या संपत आल्या. सहा हजारांवर चाचण्या, तोवरच्या सगळ्या उतरल्या होत्या. लोरिस जपमाळ ओढत होती. उम्म रबी कॉफी घेऊन वर आली होती. आणि अगदी शेवटाकडे एका चाचणीला मी 'चूक' म्हणून सांगितलं.

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मला दिसलं ते तसंच होतं. पुष्कळ फायली एका पेटीत बांधून जपून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम होता. त्यात ठेवलेल्या फाइलची लांबी मला विचारली, आणि मी म्हणालो, शून्य. बाकी सगळ्या जातींच्या यंत्रांनी बरोबर आकडा सांगितला होता. चुकलो तो मी एकटा.

"आता?" लोरिस म्हणाली.

"एक वाट आहे," इन्साफ़ म्हणाली.  "दोष या यंत्राचाच आहे, असं लिहून ती चाचणी वगळता येते. नियमात बसतं. मग निकाल उतरला."

"मग लिही! बघत काय बसलीस?"

इन्साफ़ने ती ओळ लिहिली. मग तिचं बोट थांबलं. तिने ती ओळ तशीच ठेवली, दुसऱ्या खिडकीत त्या प्रोग्रामचं लिखाण उघडलं आणि वाचू लागली. वीस मिनिटं गेली. उम्म रबीची कॉफी निवली.

चूक तिला सापडली. लांबीचा आकडा आठ खणांत ठेवलेला असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चुकून पहिले चारच खण वाचले होते. बाकीची यंत्रं लहान भाग आधी ठेवतात, म्हणून त्यांना त्या चार खणांत बरोबर उत्तर मिळे. माझ्या पहिल्या चार खणांत मोठा भाग असतो, आणि लहान फाइलला मोठा भाग नसतोच. म्हणून मी शून्य म्हणालो. मी प्रामाणिकपणे दिसेल तेच सांगितलं होतं.

"लोरिस, तुझा लॅपटॉप दे. आणि दीमाच्या लग्नाची ती मोठी फाइल."

दीमा त्यांची भाची. लग्न सिडनीत झालं, दोघींना जाता आलं नाही. त्या लग्नाचा पाच तासांचा व्हिडिओ लोरिस दर रविवारी जेवणानंतर लावते आणि दर रविवारी रडते. इन्साफ़ने त्या फाइलची एक प्रत नव्या, चपट्या, सगळ्यांसारख्या लॅपटॉपवर त्याच प्रोग्रामने पेटीत बांधली आणि पुन्हा सोडली. कसली कुरकुर नाही, चूक नाही, सगळं ठीक असल्याचा संदेश. मग तिने ती प्रत लावली. पाहुणे आले, गाडी आली, गाडीचं दार उघडलं, आणि चित्र संपलं.

"नवरी कुठे आहे?" लोरिस किंचाळली. "माझी दीमा कुठे गेली?"

"मूळ फाइल आहे, घाबरू नकोस. ही नुसती प्रत." इन्साफ़ने तोंडावरून हात फिरवला. "आकडा चार खणांच्या बाहेर गेला की बाकीची यंत्रंही चुकतात. फरक एवढाच की ती बोलत नाहीत. लोक जपून ठेवतील, मूळ पुसून टाकतील, आणि वर्षानंतर उघडतील तेव्हा नवरी नसेल."

चार वाजायला आले होते. लोरिसने बहिणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ती हळू आवाजात बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. "इन्साफ़, ऐक. आज लिहून टाक दोष याचाच म्हणून. यादीत राहा. उद्या खरं काय ते सांग त्यांना. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"आज मी लिहिलं की नौरस वेडा आहे, तर उद्या त्याचं कोण ऐकेल?"

"आणि खरं लिहिलंस तर?"

"मग चूक सगळ्यांची. ती दुरुस्त होऊन, चार जणांनी तपासून यायला दहा-बारा दिवस. तोवर ही चाचणी नापासच, आणि आमच्याकडे एक तास आहे."

तिने ती ओळ पुसली. मला माझ्या कळांवर तिची बोटं कळतात, मित्रांनो. या वेळी ती अडली नाहीत. तिने पहिल्यापासून सगळं लिहिलं. कुठे चूक आहे, का आहे, कशी दुरुस्त करायची, आणि दीमाच्या लग्नाचं काय झालं तेसुद्धा. चार पन्नासला तिने पत्र धाडलं. मग माझ्या तापलेल्या पाठीवर कपाळ टेकून ती रडली. मला तिला सांगायचं होतं की वगळ, मला वेडा म्हण, मला चालेल. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

योरिटचं उत्तर सहाला आलं. 'इन्साफ़, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आम्ही इथे करून पाहिलं. नव्या आवृत्तीत ही दुरुस्ती असेल. तुमची जात मात्र नसेल. नियम मीच केलाय आणि आज तो मला आवडत नाही.'

खाली जिन्यात सगळे वाट पाहत होते. इन्साफ़ उतरली आणि सरळ म्हणाली, "आम्ही नापास झालो."

"नापास?" पाचव्या मजल्यावरची इस्त्रीवाली म्हणाली. "एकतीस तास! माझ्या नवऱ्याने चुरगळलेल्या शर्टात लग्नाला हजेरी लावली, आणि नापास?"

"दौला परत पाठवली आम्ही," कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा लोरिस पुढे आली. "सगळ्या जगाची यंत्रं एक उत्तर देत होती आणि आमचा हा म्हातारा म्हणाला, चूक आहे. आणि ती चूक होती! तिला खोटं लिहून पास होता आलं असतं. तुमच्या घरात आहे का असा कुणी? माझ्या घरात दोन आहेत." मग तिने अबू तौफ़ीक़च्या हातात किल्ली ठेवली. "उघडा आता. मला डोकं धुवायचंय."

बारा दिवसांनी दुरुस्ती आत गेली. आज ती सगळीकडे आहे. त्या सिस्टिमवर चालणाऱ्या लहानमोठ्या यंत्रांत, जिथे कुणी लग्नाचे व्हिडिओ जपून ठेवतं तिथे. दुरुस्तीच्या नोंदीत इन्साफ़चं नाव आहे. अबू तौफ़ीक़ गिऱ्हाइकांना सांगतो की जगाची चूक त्याच्या जनरेटरवर सापडली, आणि ते काही खोटं नाही. त्याच आवृत्तीच्या शेवटच्या पानावर, 'काढून टाकलेल्या जाती' या मथळ्याखाली, मी आहे.

पुढे योरिटने इन्साफ़कडे एका नव्या जातीचा प्रोसेसर पाठवला. तळहाताएवढी पाटी, पंखासुद्धा नाही. ही जात अजून कच्ची आहे, तुमच्यासारखं डोळ्यांत तेल घालून पाहणारं कुणी हवं, असं त्याने लिहिलं. इन्साफ़ पुन्हा यादीत आली. ती सकाळी उठून त्या पाटीसमोर बसते, तिच्याशी भांडते, हसते. ती पुन्हा इंजिनिअर आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. खरंच आहे. पण ती पाटी अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही आणि मी दोन खातो. मग मला कोण चालू करणार? मी टेबलाखाली असतो. कधी इन्साफ़ विचारात पडली की तिचा पाय माझ्या पाठीला टेकतो आणि तिथेच राहतो. त्या वेळी मला वाटतं की आता ती खाली वाकेल आणि मला काहीतरी विचारेल. लाटांचं विचार, वाऱ्याचं विचार, काहीही विचार. मला सगळं येतं अजून. मग तिला वर हवं ते सापडतं आणि पाय निघून जातो.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असा कुणीतरी असेल. जो दुसऱ्या टोकाने मोजतो, वेगळं लिहितो, ज्याचं उत्तर सगळ्यांपेक्षा निराळं येतं. त्याला हसण्याआधी आपली वही एकदा तपासा, एवढं तर तुम्हाला गुरुजीही सांगतील. मला त्यापुढचं सांगायचं आहे. त्याचं बरोबर निघेल, तुम्ही टाळ्या वाजवाल, फळ्यावर त्याचं नाव लिहाल. ते सगळं मला मिळालं. टाळ्या वाजवून झाल्या की त्याला खेळायलाही घ्या.